वैजयंताचं माप

खोत सर गुडघे टेकून बसले होते आणि वैजयंताच्या बुटांभोवती खडूनं रेघ ओढत होते. आधी डावा, मग उजवा. रेघ नीट उमटली नाही की फुंकर मारून धूळ उडवायची आणि परत ओढायची. मग उठून दोन पावलं मागं जायचं, मान तिरकी करून बघायचं, परत खाली बसायचं. साठीला आलेला माणूस, त्यात गुडघ्यांचं दुखणं, पण त्या दिवशी मी मोजलं, सर पाच वेळा उठले आणि पाच वेळा बसले.

मी भिंतीला टेकून उभी होते. तीन वर्षं मी त्यांच्याकडे शिकत होते आणि माझ्या पायाभोवती त्यांनी एकदाही रेघ ओढली नव्हती.

"अक्का, जरा सरकतीस? उजेड अडालाय," वैजयंता म्हणाली. मी सरकले. सरकताना माझा पाय चुकून खडूच्या डबीला लागला आणि डबी पार कोपऱ्यात गेली. चुकून म्हणजे कितपत चुकून, ते आता तीस वर्षांनी सांगायला हरकत नाही. मुळीच चुकून नाही.

हे इचलकरंजीतलं. एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आमची दहा मीटरची रेंज होती. माग काढून नेले होते, पण ते जिथं बसवले होते तिथले बोल्ट जमिनीतून वर आलेले होते आणि नवीन माणूस हमखास ठेचकाळायचा. शेजारच्या शेडमधले माग चालू असायचे. त्यांच्या खडखडाटातच आम्ही नेम धरायला शिकलो. खोत सर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, दिवसा एका सूतगिरणीत पहारेकऱ्यांवर मुकादम आणि संध्याकाळी आमचे गुरू. क्लबकडे साध्या देशी रायफली चार होत्या, पण सामन्याच्या लायकीची जर्मन रायफल एकच होती. ती मी वापरत असे. म्हणजे वैजयंता येईपर्यंत मी एकटी वापरत असे.

रायफल म्हणजे नुसती नळी आणि लाकूड नव्हे. गाल टेकायची पट्टी वरखाली होते. खांद्याला लागतो तो बट वरखाली होतो, आतबाहेर होतो, लांब होतो. सगळं स्क्रूवर. माणसानं रायफलीसारखं व्हायचं नाही, रायफलीनं माणसासारखं व्हायचं, असं सर म्हणायचे. रायफल एक आणि मुली दोन, म्हणून दोघींच्या मापाची दोन कार्डं पेटीच्या झाकणात खोचलेली असायची. माझ्या कार्डावर तीन आकडे होते, माझ्याच अक्षरात, आणि तीन वर्षांत त्यातला एकही बदलला नव्हता. वैजयंताच्या कार्डावर सरांच्या अक्षरात अकरा आकडे होते. खाडाखोड, बाण, बाजूला पायांची छोटी चित्रं. जिचं कार्ड मोठं, तिची किंमत मोठी, असा सरळ हिशेब मी केला. माझं वय तेव्हा एकोणीस होतं.

वैजयंता चौगुले माझ्यापेक्षा वर्षानं लहान. तिच्या वडिलांचे चार माग होते. कमी बोलायची, हसली तरी तोंड मिटून. कॉलेजात तिच्या ओढणीला कायम दोन्ही खांद्यांवर पिना आणि रेंजवर गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. जाकीट घालायचं ते सामानाच्या खोलीत दार लावून. आम्ही बाकीच्या पोरी ते जाडजूड कॅनव्हासचं जाकीट सगळ्यांसमोर अंगावर चढवायचो, एकमेकींचे पट्टे ओढायचो, हसायचो. हिला मदत चालायची नाही. मी तिला महाराणी म्हणायला लागले. आधी मनात, मग इतर पोरींत, मग तिला ऐकू जाईल इतपत. तिनं कधी तोंड वर करून उत्तर दिलं नाही. त्याचाही मला राग आला.

आली तेव्हा ती चारशेपैकी तीनशे चाळीस मारत होती. पाच महिन्यांत तीनशे सत्तरच्या पुढं गेली. मी मात्र तीनशे अठ्ठ्याहत्तरवर येऊन थांबले होते. कधी एक वर, कधी दोन खाली. आकड्यात मी पुढंच होते, पण ती चढत होती आणि मी थांबले होते, आणि सर संध्याकाळचे दोन तास तिच्यामागं स्टुलावर बसून असायचे. माझ्याकडे येताजाता एक नजर टाकायची, "चालू दे" म्हणायचं, की झालं. ते "चालू दे" मला कसं झोंबायचं ते सांगता येत नाही. घरी जेवताना आई विचारायची, आज सर काय म्हणाले? मी म्हणायचे, चालू दे म्हणाले. आईला बिचारीला वाटायचं, चांगलंच चाललंय.

मग पुण्याच्या शिबिराचं पत्र आलं. तीन आठवड्यांचं शिबिर, त्यातून राज्याचा संघ निवडायचा. येताना स्वतःची किंवा क्लबची रायफल आणायची. रायफल एकच, तेव्हा मुलगीही एकच जाणार. क्लबचे चिटणीस हुक्केरी साहेबांनी सांगितलं, महिन्यानं चाचणी घेऊ, चाळीस गोळ्या, जिचे गुण जास्त ती जाईल. हुक्केरी साहेब शाळेत मुख्याध्यापक होते. प्रत्येक कागद तीनदा वाचायचे आणि एकही रकाना मोकळा सोडायचे नाहीत. सरांनी नेहमीचा नियम परत सांगितला, चाचणीआधी महिनाभर कुणी एकही स्क्रू फिरवायचा नाही. जे माप आहे तेच.

नियम मी मोडला. का मोडला ते सांगते.

पत्र आलं त्याच आठवड्यात मी एकदा लवकर गेले. सामानाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत सर बोलत होते. आवाज खाली होता, पण शेजारचे माग नेमके त्या वेळी वीज गेल्यानं थांबले होते.

"हे कुणाला सांगायचं न्हाई," सर म्हणाले. "हुक्केरींना तर अजिबात न्हाई. तुझं तू नेम धर, बाकीचं माझ्यावर सोड."

"सुलूअक्काला कळलं तर?" वैजयंतानं विचारलं.

"तिला कशाला कळतंय? ती आपल्या नादात असती."

मी पाय न वाजवता मागं फिरले, रस्त्यावर आले आणि दहा मिनिटांनी परत आत गेले, जणू आत्ताच आले. सर स्टुलावर बसून रायफल पुसत होते. "चालू दे," ते मला म्हणाले.

आता मला सगळं कळलं होतं. म्हणजे तसं मला वाटत होतं. सरांना रायफल धरायची काहीतरी नवी रीत सापडली होती आणि ती त्यांनी मला न देता तिला दिली होती. नाहीतर तिचा बट खांद्याच्या खोबणीत न बसता इतका बाहेर, जवळजवळ दंडावर का असतो? रायफल गालाकडे तिरकी का असते? पाय माझ्यापेक्षा इतके वळलेले का असतात? मी हे सगळं कितीदा पाहिलं होतं, पण वाकडं दिसतं म्हणून सोडून दिलं होतं. आता तेच वाकडं मला हवंहवंसं वाटायला लागलं. ज्यानं पाच महिन्यांत तीस गुण वाढतात ते माझ्या अंगात आलं तर मी कुठल्या कुठं जाईन, असं मी रात्रंदिवस घोकत होते.

शेडची सकाळची किल्ली माझ्याकडे असायची. सगळ्यांत जुनी आणि भरवशाची म्हणून सरांनीच दिलेली. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी तिथं कुणी येत नसे. मी वैजयंताचं कार्ड वहीत उतरवून घेतलं, खाडाखोडीसकट. जमिनीवरच्या तिच्या खडूच्या पावलांत माझी पावलं ठेवली. माझे पाय तिच्यापेक्षा थोडे मोठे, रेघेच्या बाहेर आले. रायफलीच्या पेटीतल्या छोट्या किल्लीनं स्क्रू ढिले केले, अकराच्या अकरा आकडे लावले आणि उभी राहिले.

पहिल्या दिवशी तीनशे अठ्ठेचाळीस आले. मान आखडली, दंडावर बटाची कड रुतून निळं पडलं. मी म्हटलं, नवीन आहे, दुखणारच. घरी कपाटाच्या आरशासमोर लाटणं घेऊन उभी राहायचे, तिच्यासारखी मान पुढं, तिच्यासारखं कंबरेतून मागं. आई म्हणायची, काय गं अंग वाकडं करून उभी राहिलीस? दुसऱ्या आठवड्यात तीनशे बासष्ट आले, तिसऱ्यात तीनशे एकाहत्तर. शेवटच्या गुरुवारी एका फेरीत शंभरपैकी सत्त्याण्णव लागले. माझ्या स्वतःच्या मापावरही मला त्याआधी कधी सत्त्याण्णव लागले नव्हते. बाकीच्या तीन फेऱ्यांकडे मी बघितलंसुद्धा नाही. त्या एका सत्त्याण्णवनं माझा घात केला. संध्याकाळी मात्र सरांसमोर मी गुपचूप माझ्याच मापावर खेळत होते. कुणाला काही कळलं नाही.

चाचणीच्या रविवारी सकाळी हुक्केरी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलावर कार्डांचे गठ्ठे, छिद्र मोजायचं भिंग, बाजूला शिबिराचा फॉर्म. खोत सर त्यांच्याशेजारी बसले. सामना चालू असताना गुरूनं खेळाडूशी बोलायचं नाही, हा नियम सर घरच्या चाचणीतही पाळत.

आधी वैजयंता. मी मागं बाकावर बसून तिच्या पाठीकडे बघत होते आणि ती चुकावी म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते. ती फार चुकली नाही. तीनशे सत्त्याहत्तर. तिचे आजवरचे सगळ्यांत जास्त गुण. ती वळली तेव्हा तिच्या नाकावर घाम होता. तिनं रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अक्का, तुझं माप लावून घे. दहा मिनिटं हाईत."

तीनशे अठ्ठ्याहत्तर मी झोपेत मारत होते. एवढंच करायचं होतं. तीन स्क्रू, तीन आकडे, नेहमीच्या चाळीस गोळ्या, आणि पुणे माझं. पण मला तिला नुसतं हरवायचं नव्हतं. मला तिच्याच मापानं तिला हरवायचं होतं. तिच्यासमोर, सरांसमोर. सरांना दाखवायचं होतं की बघा, जे माझ्यापासून लपवलंत ते मी घेतलं, आणि तुमच्या लाडकीपेक्षा चांगलं करून दाखवलं. मी किल्ली हातात घेतली, स्क्रूत घालून फिरवल्यासारखं केलं आणि काढून घेतली.

लायनीवर उभी राहिले. सरांची पद्धत अशी की पहिल्या गोळीआधी डोळे मिटायचे, श्वास सोडायचा आणि डोळे उघडायचे. रायफल जिथं रोखलेली असेल तिथं तुझं अंग आहे. ते काळ्या वर्तुळावर नसेल तर हातानं ओढून आणायचं नाही, पाय हलवायचे. हात खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत, असं ते म्हणायचे. मी डोळे मिटले, श्वास सोडला, उघडले. नळी कार्डाच्या वीतभर उजवीकडे भिंत बघत होती. पाय हलवले. परत मिटले, परत उघडले. आता खाली. परत हलवले. घड्याळ चाललं होतं. शेवटी मी तिला हातानं ओढून काळ्यावर आणलं आणि खटका दाबला.

पहिली फेरी नव्वद. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे सरांना दिसलं होतं. मी वळून बघितलं नाही. दुसरी फेरी ब्याण्णव. दंड थरथरायला लागला. तिसरीत एक सात लागला. थांबून माप बदलायला अजून वेळ होता, नियमात बसत होतं. मला ते कळत होतं. पण किल्ली खाली ठेवलेली होती, ती उचलायची म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं. मी उचलली नाही. चौथ्या फेरीत मी फक्त लवकर संपावं म्हणून मारत होते. एकूण तीनशे चौसष्ट.

हुक्केरी साहेबांनी दोनदा बेरीज केली आणि म्हणाले, "वैजयंता चौगुले." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेडमध्ये आम्ही चौघंच होतो. साहेब हात धुवायला आणि चहा सांगायला बाहेर गेले. सर माझ्याकडे बघत राहिले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी सरळ सामानाच्या खोलीकडे गेले आणि न विचारता दार ढकललं. वैजयंता पाठमोरी होती, जाकीट काढत होती.

"काय लपवलंस?" मी म्हणाले. "कार्डावर सगळं लिहिलेलं नाही. तुझ्या अकरा आकड्यांवर मी उभी राहिले. लागलं नाही. बाकीचं काय आहे ते सांग."

ती वळली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरले.

"माझं माप लावलीस? चाचणीत?"

"लावलं. का, फक्त तुझ्यासाठीच आहे?"

"व्हय," ती म्हणाली. "फक्त माझ्यासाठीच हाय."

तिनं शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि कॉलर बाजूला केली. उजव्या बाजूचं हासळीचं हाड गळ्यापासून निघून मध्येच तुटलेलं होतं आणि तुटक्या टोकावर दुसरं टोक चढून तसंच सांधलं होतं. वर कातडी ताणलेली. खांदा पुढं आणि खाली ओढलेला. आपल्याला बट टेकवायला जी खोबण असते ती तिला नव्हतीच. तिथं गाठ होती.

"सात वर्षांची होतो," ती म्हणाली. "मागाचं बीम अंगावर आलं घरंगळत. सुतानं भरलेलं. हाडवैद्यानं बांधलं, ते असं बसलं. इथं बट ठेवला की घसरतोय, आणि दाबून ठेवला तर कळ येती. म्हणून सरांनी बाहेर काढला, दंडावर. मग मान जात न्हाई तिथवर, म्हणून रायफल तिरकी केली. मग तोल जातोय, म्हणून पाय फिरवले. एकातनं एक, असं अकरा झालं." तिनं बटणं लावायला घेतली. "फॉर्मवर शारीरिक व्यंगाचा रकाना हाय. साहेबांनी तिथं काय लिहिलं तर शिबिरातनं गेटावरनंच परत पाठवतील. आणि घरी माझं बघायला लागलेत. ते येगळंच."

ती शेवटचं बटण लावून थांबली.

"अक्का, तुझा खांदा चांगला हाय," ती म्हणाली. "तू हे कशाला लावलीस?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. मी खोलीतून बाहेर आले.

सरांनी तोवर रायफल परत लायनीवर ठेवली होती. दहा कोरी कार्डं शेजारी. माझं तीन आकड्यांचं कार्ड त्यांनी पेटीतून काढून माझ्यासमोर धरलं.

"लाव," ते म्हणाले.

"आता कशाला सर?"

"लाव म्हणतो न्हवं."

मी स्क्रू फिरवले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गाल पट्टीवर टेकला, बट खांद्यात जाऊन बसला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी मान माझी वाटली. डोळे मिटले. श्वास सोडला. उघडले. काळं वर्तुळ बरोबर मधोमध होतं. पाय हलवायचे राहिलेच नव्हते.

दहा गोळ्या. सर प्रत्येक कार्ड काढून घेत होते, बघत होते आणि गठ्ठ्यात उलटं ठेवत होते. शेवटचं झालं तेव्हा त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. मी मोजले. आठ दहा आणि दोन नऊ. शंभरात अठ्ठ्याण्णव. इतके मला त्याआधी कधीच लागले नव्हते, आणि हे कुणाच्याही वहीत जाणार नव्हते.

"रायफल हाडावर ठेवायची असती," सर म्हणाले. "मांसानं धरलेली थरथरती. तिचं हाड वाकडं, म्हणून मला पाच म्हैने हाडाला हाड जुळवत बसाय लागलं. तुझं पहिल्याच दिवशी जुळलेलं, पाय आपोआप जागेवर पडत्यात. तीन वर्षांत मी तुला हात का लावला न्हाई, कधी इचारलीस?"

मी कधीच विचारलं नव्हतं. मी फक्त जळत बसले होते.

तेवढ्यात हुक्केरी साहेब आत आले आणि टेबलाशी बसून फॉर्म भरायला लागले. नाव, वय, उंची. मग पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून शेडभर बघितलं. वैजयंता अजून खोलीतच होती, दार अर्धवट उघडं. सर माझ्याशेजारी होते. साहेबांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"सुलक्षणा, तू सगळ्यांत जुनी. एक विचारतो, खरं सांग. ती चौगुलेची मुलगी रायफल तिरकी धरते. खांदाही मला सारखा वाटत नाही. तिला काही दोष आहे का? इथं लिहावं लागतं."

मी सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते. त्या माणसाला खोटं बोलता यायचं नाही, ते मला माहीत होतं. साहेबांनी त्यांना विचारलं असतं तर ते गप्प बसले असते आणि साहेब त्यातून काय ते समजले असते. पण विचारलं मला. हातात माझ्या अठ्ठ्याण्णवची कार्डं होती. "हो" एवढंच म्हणायचं होतं. त्यात खोटंही काही नव्हतं. पुढच्या रविवारी रायफल घेऊन मी पुण्याच्या गाडीत असते. ते "हो" माझ्या तोंडात आलेलं होतं, अगदी दातांपर्यंत.

"दोष कसला, साहेब," मी म्हणाले. "धरायची एक पद्धत आहे ती. मी पण आज तशीच धरली होती. तुम्ही बघितलंत की."

साहेबांनी आठवून बघितलं. "हो गं, बघितलं खरं. तूही वाकडीच उभी होतीस. मला वाटलं मलाच वाकडं दिसतंय."

"मला ती पद्धत जमली नाही," मी म्हणाले. पुढचे दोन शब्द बाहेर काढायला मला श्वास घ्यावा लागला. "वैजयंताला जमली."

साहेबांनी मान हलवली आणि रकान्यात नीट अक्षरात "नाही" लिहिलं.

हे मी मोठ्या मनानं केलं असं कुणी समजू नये. मन तेव्हाही जळतच होतं. तुटक्या हाडाची नक्कल करून हरले हे गावभर व्हायला नको, हाही त्यात भाग होता. आणि दारामागं ती उभी होती, ऐकत होती, हेही मला माहीत होतं. यातलं कशानं किती केलं ते मला आजही वेगळं करून सांगता येणार नाही.

वैजयंता रविवारी गेली. एसटी स्टँडवर तिनं पेटी मला उघडून दाखवली. झाकणात दोन्ही कार्डं होती. माझं काढून माझ्याकडे देत होती, मग म्हणाली, राहू दे, तिथं कुणी सरळ खांद्याची भेटली तर तिला दाखवायला होईल. मला हसू आलं नाही, पण मी हसले. ती पुढं दोन वर्षं राज्याच्या संघात होती. मी एकदाही नव्हते. पुढच्या वर्षी मला संधी मिळाली, तेव्हा मी तीन गुणांनी राहिले. तिचा फोटो पेपरात आला तेव्हा मी पेपर घडी करून गादीखाली घातला. तो जपून ठेवला की नजरेआड केला, ते मला विचारू नका.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. रायफल नव्हती, तरी मी सवयीनं संध्याकाळी शेडमध्ये गेले. सर आलेले होते. माग खडखडत होते. म्हणाले, उभी राहा. मी म्हटलं, रायफल नाही. म्हणाले, अंग आहे ना. मी लायनीवर गेले, मोकळेच हात वर केले, मान झुकवली, डोळे मिटले. पायाशी काहीतरी खरखरलं. डोळे उघडून खाली बघितलं तर सर गुडघे टेकून बसले होते आणि माझ्या डाव्या बुटाभोवती खडूनं रेघ ओढत होते.

"मला कशाला, सर?" मी म्हणाले. "माझे पाय आपोआप जागेवर पडतात म्हणालात की."

"पडत्यात," सर म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. "पण तुला पायजे होती न्हवं."

मग ते सरकून उजव्या बुटापाशी आले, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिथलीही रेघ पुरी केली.